महाराष्ट्रातील पोलीस अधीक्षक आणि पोलीस आयुक्त : कारकीर्द, जडणघडण आणि नेतृत्व यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्ह्यात नवे पोलीस अधीक्षक रुजू झाले की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्यांचे छायाचित्र, आयपीएसची बॅच आणि आधीच्या नेमणुकीचे ठिकाण एवढा तपशील छापून येतो. हा अधिकारी त्या खुर्चीपर्यंत कोणत्या वाटेने आला, वाटेत त्याने काय काय हाताळले आणि त्याचा आपल्या तालुक्यातील पोलीस ठाण्याच्या कारभाराशी काय संबंध आहे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. पुढील प्रश्नोत्तरे नागरिकांसाठी आहेत, तशीच पोलीस सेवेत जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीही आहेत.

आमच्या भागाचा पोलीस प्रमुख कोण, अधीक्षक की आयुक्त?

आपण कोठे राहता यावर ते अवलंबून आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ नुसार जिल्ह्यासाठी पोलीस अधीक्षक आणि मोठ्या शहरांसाठी पोलीस आयुक्त नेमला जातो. मुंबईचे आयुक्तालय राज्यातील सर्वांत जुने असून १८६४ मध्ये फ्रँक साउटर हे तेथील पहिले आयुक्त झाले. पुणे आणि नागपूर येथे १९६५ मध्ये आयुक्तालये आली. त्यानंतर ठाणे, नाशिक, नवी मुंबई, सोलापूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर अशी भर पडत गेली. पिंपरी-चिंचवडचे आयुक्तालय २०१८ मध्ये, तर मीरा-भाईंदर, वसई-विरारचे २०२० मध्ये सुरू झाले.

त्यामुळे एकाच महसुली जिल्ह्यात एकाहून अधिक पोलीस प्रमुख असू शकतात. पुणे जिल्ह्यात पुणे शहराचे आयुक्त, पिंपरी-चिंचवडचे आयुक्त आणि पुणे ग्रामीणचे अधीक्षक असे तिघे आहेत. आपले गाव शहराला लागून असेल तर ते ग्रामीण हद्दीत येते की आयुक्तालयाच्या, हे आधी पाहून घ्यावे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला की महिना-दीड महिना सहज जातो.

दोघांच्या अधिकारांत फरक काय?

आयुक्ताला पोलीस अधिकारांसोबत कार्यकारी दंडाधिकाऱ्याचेही काही अधिकार असतात. जमावबंदीचा आदेश, शस्त्र परवाने, तसेच धोकादायक व्यक्तींना एमपीडीए या विघातक कृत्यांना आळा घालणाऱ्या कायद्याखाली स्थानबद्ध करण्याचा आदेश आयुक्त स्वतः काढू शकतो. जिल्ह्यात हे अधिकार जिल्हाधिकाऱ्याकडे असतात आणि अधीक्षकाला त्यांच्याकडे प्रस्ताव पाठवावा लागतो. तडीपारीच्या बाबतीतही तसेच आहे. टोळीच्या हद्दपारीचा आदेश अधीक्षक काढतो, पण एकट्या गुंडाला हद्दपार करायचे असेल तर प्रस्ताव बहुधा प्रांताधिकाऱ्याकडे जातो आणि तेथे सुनावणी होते.

म्हणून जिल्ह्यातील अधीक्षकाला महसूल खात्याशी जमवून घेण्याची कला शिकावीच लागते. जिल्हाधिकारी आणि एसपी यांचे सूर जुळलेले असतील तर सणासुदीच्या आधीचे प्रस्ताव वेळेत मार्गी लागतात; नसतील तर फायली टेबलावर राहतात आणि बंदोबस्ताचा भार ठाण्यांवर पडतो.

अधीक्षकपदापर्यंत पोचण्याच्या वाटा कोणत्या?

ठळक वाटा दोन आहेत. पहिली म्हणजे केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा देऊन थेट भारतीय पोलीस सेवेत येणे. दुसरी म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेतून पोलीस उपअधीक्षक होणे आणि पुढे पदोन्नतीने आयपीएसमध्ये जाणे. आयपीएसच्या जागांपैकी सुमारे एक तृतीयांश राज्य पोलीस सेवेतील अधिकाऱ्यांतून पदोन्नतीने भरल्या जातात. त्यासाठी उपअधीक्षक म्हणून किमान ८ वर्षांची सलग सेवा लागते आणि निवड समितीची बैठक केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या अध्यक्षांच्या किंवा सदस्याच्या अध्यक्षतेखाली होते. प्रत्यक्षात या ८ वर्षांनंतरही बरीच प्रतीक्षा करावी लागते.

तिसरी वाट खालून वर येणारी आणि सर्वांत लांब आहे. शिपाई म्हणून भरती झालेला माणूस विभागीय परीक्षेतून उपनिरीक्षक होऊ शकतो. पुढे सहायक निरीक्षक, निरीक्षक आणि उपअधीक्षक अशा पायऱ्या असतात. उपनिरीक्षकाची निम्मी पदे सरळसेवेने आणि उरलेली निम्मी खात्यांतर्गत परीक्षा व ज्येष्ठता यांतून भरण्याची पद्धत महाराष्ट्रात रूढ आहे. या वाटेने आलेले बहुतेक अधिकारी निरीक्षक, सहायक आयुक्त किंवा उपअधीक्षक या पदांवर निवृत्त होतात. जिल्ह्याची सूत्रे हाती येईपर्यंत त्यांच्या सेवेची वर्षेच संपतात. पोलीस ठाणे आतून ओळखणाऱ्या माणसांना वर जाण्यासाठी रुंद वाट मिळत नाही, हा आपल्या व्यवस्थेतील मोठा तोटा आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

वर्तमानपत्रात ‘अमुक बॅचचे अधिकारी’ असे लिहितात, त्याचा अर्थ काय?

थेट आयपीएस झालेल्यांसाठी ते सेवेत दाखल होण्याचे वर्ष असते. पदोन्नतीने आलेल्यांना त्यांची आधीची सेवा मोजून एक वर्ष ठरवून दिले जाते. म्हणजे एकाच बॅचच्या दोन अधिकाऱ्यांपैकी एक पस्तिशीतला आणि दुसरा पन्नाशीला आलेला असू शकतो. बॅचवरून ज्येष्ठता कळते, अनुभवाचा प्रकार कळत नाही.

थेट आयपीएस झालेल्या अधिकाऱ्याचे प्रशिक्षण कसे होते?

सुरुवात मसुरीच्या लालबहादूर शास्त्री अकादमीतील पायाभूत अभ्यासक्रमाने होते. त्यानंतर हैदराबाद येथील सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमीत मुख्य प्रशिक्षण असते. ही अकादमी १९४८ मध्ये माउंट अबू येथे सुरू झाली आणि १९७५ मध्ये हैदराबादला हलली. कायदा, तपासशास्त्र, नेमबाजी, कवायत, घोडेस्वारी असे सर्व तेथे होते. पण अधिकारी घडतो तो त्यानंतरच्या जिल्हा प्रशिक्षणात. त्या काळात तो ठाणे अंमलदाराशेजारी बसून तक्रार कशी नोंदवतात ते पाहतो, मुद्देमाल कारकुनाची खोली पाहतो, बीट अंमलदारासोबत गावे फिरतो आणि काही आठवडे एखाद्या पोलीस ठाण्याचा कार्यभार स्वतः सांभाळतो.

महाराष्ट्र संवर्ग (म्हणजे सेवेसाठी महाराष्ट्र राज्य) मिळालेल्या परप्रांतीय अधिकाऱ्याला मराठी शिकावी लागते आणि परीक्षाही द्यावी लागते. राजस्थानातून किंवा केरळातून आलेला तरुण दोन वर्षांत ग्रामसभेत मराठीत बोलू लागतो, हे आपल्याकडील अनेक जिल्ह्यांनी पाहिले आहे. फिर्याद मराठीत असते, जबाब मराठीत असतो, शिपायाची रजेची अडचणही मराठीतच असते. भाषा कच्ची राहिलेला अधिकारी वाचक शाखेतील कर्मचाऱ्यांवर अवलंबून राहतो.

थेट निवड झालेल्या उपअधीक्षकांचे आणि उपनिरीक्षकांचे प्रशिक्षण नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत होते. या अकादमीची परंपरा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत मागे जाते.

पहिला स्वतंत्र जिल्हा किती वर्षांनी मिळतो?

परिविक्षा काळ संपल्यावर अधिकारी सहायक पोलीस अधीक्षक म्हणून एखाद्या उपविभागाचा प्रमुख होतो, म्हणजे उपविभागीय पोलीस अधिकारी. चार-पाच-सहा पोलीस ठाणी त्याच्याखाली असतात. सेवेची ४ वर्षे झाल्यावर वरिष्ठ वेतनश्रेणी मिळते, पण म्हणून लगेच जिल्हा मिळतो असे नाही. मध्ये अपर पोलीस अधीक्षक, मोठ्या शहरात परिमंडळाचा (म्हणजे काही पोलीस ठाण्यांच्या गटाचा) पोलीस उपायुक्त किंवा राज्य राखीव पोलीस दलाच्या गटाचा समादेशक अशा नेमणुका होतात.

पुढे साधारण १४ वर्षांनी उपमहानिरीक्षक, १८ वर्षांनी विशेष पोलीस महानिरीक्षक आणि २५ वर्षांनी अपर पोलीस महासंचालक या पदांसाठी विचार होतो. म्हणजे जिल्हा अधीक्षकाची खुर्ची ही अधिकाऱ्याच्या तरुणपणातील जबाबदारी आहे. तिशी-पस्तिशीतील माणसाच्या हाती दोन-तीन हजारांचे दल आणि वीस-पंचवीस लाख लोकसंख्येचा जिल्हा येतो. उपविभागात काढलेली दोन वर्षे येथे कामी येतात. ज्याने ती मनापासून केली असतात त्याला ठाण्याचा प्रभारी काय सांगतो आहे आणि काय लपवतो आहे हे लगेच कळते.

थेट आलेला अधिकारी चांगला, की पदोन्नतीने आलेला?

हा प्रश्न आम्हाला सर्वाधिक विचारला जातो. त्याचे एका वाक्यात उत्तर देणे अन्यायाचे होईल.

थेट आलेला अधिकारी तरुण असतो, स्थानिक हितसंबंधांत गुंतलेला नसतो आणि पुढे पंचवीस वर्षांची सेवा बाकी असल्याने आपल्या नावाला जपतो. नवे तंत्र, सायबर तपास, आकडेवारीवरून गस्तीची आखणी अशा गोष्टी तो लवकर आत्मसात करतो. त्याची उणीव अशी की पोलीस ठाण्याच्या रोजच्या व्यवहाराशी त्याचा संबंध वरून येतो. रात्रपाळी करून सकाळी न्यायालयात साक्षीला जाणाऱ्या हवालदाराचा थकवा त्याने ऐकलेला असतो, भोगलेला नसतो.

पदोन्नतीने आलेला अधिकारी वीस वर्षे महाराष्ट्रातच फिरलेला असतो. कोणत्या तालुक्यात जत्रेच्या मानावरून वाद होतो, कोणत्या गावात विसर्जन मिरवणुकीचा मार्ग दरवर्षी ताणाचा होतो, कोणता जुना निरीक्षक तपासात हुशार आहे, हे त्याला फायलीत शोधावे लागत नाही. मात्र अनेकदा तो जिल्ह्याला पोचतो तेव्हा निवृत्तीला थोडीच वर्षे राहिलेली असतात, आणि जुन्या ओळखी जशा उपयोगी पडतात तशा त्या अडचणीच्याही ठरतात.

अधिकारी कोणत्या वाटेने आला यापेक्षा त्याने पोलीस ठाणे आणि उपविभाग या पातळीवर किती काळ आणि किती मन लावून काम केले, हे नागरिकाने पाहावे. त्याची आधीच्या जिल्ह्यांतील नेमणुकांची यादी मिळाली तर ती अवश्य वाचावी. सतत चार-सहा महिन्यांत बदल्या झालेल्या असतील तर दोष अधिकाऱ्याचाच असेल असे नाही, पण त्याला कोणतेही काम तडीस नेण्याची संधी मिळालेली नाही एवढे नक्की.

गडचिरोलीतील नेमणुकीला इतके महत्त्व का दिले जाते?

गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा झाला आणि त्याच दशकापासून तेथे माओवादी चळवळीचा प्रभाव वाढला. १९९० मध्ये तत्कालीन पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांच्या काळात स्थानिक तरुणांमधून सी-६० हे विशेष पथक उभे राहिले. स्थानिक बोली आणि जंगल जाणणारी माणसेच या लढ्यात टिकतील, हा विचार त्यामागे होता आणि तो खरा ठरला. रघुवंशी पुढे दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख झाले.

या जिल्ह्यात अधीक्षकासोबत अभियान, प्रशासन आणि अहेरी यांसाठी वेगवेगळे अपर अधीक्षक असतात. त्यामुळे अनेक तरुण आयपीएस अधिकाऱ्यांच्या कारकिर्दीत गडचिरोलीचा टप्पा येतोच. तेथे काम केलेला अधिकारी वेगळ्या घडणीचा होतो, कारण बंदुकीसोबत त्याला जातीचा दाखला, आधार कार्ड आणि पेन्शनचा अर्ज यांचाही विचार करावा लागतो. ‘पोलीस दादालोरा खिडकी’ या उपक्रमात दुर्गम पोलीस मदत केंद्रांमधूनच शासकीय योजनांचे दाखले आणि लाभ लोकांपर्यंत पोचवले गेले. पोलिसांकडे लोक भीतीने नव्हे तर कामासाठी येऊ लागणे, हे त्या जिल्ह्यात केलेल्या कोणत्याही चकमकीइतकेच मोलाचे आहे.

हे अधिकारी मुळात कोणत्या शिक्षणाचे असतात?

नागरी सेवा परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते, त्यामुळे अभियंते, डॉक्टर, वाणिज्य आणि कला शाखेचे पदवीधर असे सर्वच येथे दिसतात. हेमंत करकरे यांनी नागपुरात यांत्रिकी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, हिंदुस्तान लिव्हरमध्ये नोकरी केली आणि मग १९८२ च्या बॅचमधून पोलीस सेवेत आले. ते चंद्रपूरचे अधीक्षकही होते. मुंबईचे आयुक्त राहिलेले संजय पांडे आयआयटी कानपूरचे, तर सत्यपाल सिंह रसायनशास्त्राचे विद्यार्थी. पदवी कोणती यावरून जिल्हा कसा चालेल याचा अंदाज बांधता येत नाही.

मुंबईसारख्या मोठ्या शहराचे आयुक्त कोणत्या पार्श्वभूमीतून येतात?

मुंबईचे आयुक्त सामान्यतः अपर पोलीस महासंचालक आणि काही वेळा महासंचालक दर्जाचे असतात, म्हणजे त्यांच्यामागे तीसेक वर्षांची सेवा असते. या पदावर बसलेल्यांच्या वाटा पाहिल्या तर त्यांत मोठे वैविध्य आहे.

काही जण शहराच्या गुन्हे तपासातून वर आले. राकेश मारिया यांचे नाव १९९३ च्या बॉम्बस्फोट मालिकेच्या तपासाने घराघरांत पोचले आणि २०१४ मध्ये ते आयुक्त झाले. काही जण गुप्तवार्ता यंत्रणांत दीर्घ काळ काम करून परतले. दत्ता पडसलगीकर यांची बरीच वर्षे इंटेलिजन्स ब्युरोमध्ये, तर सुबोध जयस्वाल यांची रॉमध्ये गेली. जयस्वाल पुढे राज्याचे पोलीस महासंचालक आणि नंतर सीबीआयचे संचालक झाले. काही जण एका आयुक्तालयातून दुसऱ्यात असे चढत गेले. सत्यपाल सिंह नागपूर, पुणे आणि मुंबई या तिन्ही शहरांचे आयुक्त होते, तर विवेक फणसळकर मुंबईला येण्यापूर्वी ठाण्याचे आयुक्त होते. १९९४ च्या बॅचचे देवेन भारती यांची बहुतेक ओळख मुंबईतच घडली. जानेवारी २०२३ मध्ये त्यांच्यासाठी विशेष पोलीस आयुक्त हे पद प्रथमच निर्माण झाले आणि २०२५ मध्ये ते आयुक्त झाले.

गुप्तवार्ता विभागातून आलेला माणूस शहर सांभाळू शकेल का, अशी शंका नेहमी घेतली जाते. पडसलगीकर यांच्या काळातील एक उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. देवनार पोलीस ठाण्यातील एका शिपायाने कामाचे तास आठ करता येतील अशी मांडणी लिहून दिली होती. आयुक्तांनी ती वाचली, त्याला बोलावून समजून घेतली आणि २०१६ मध्ये त्याच ठाण्यात प्रयोग सुरू केला. पुढे तो इतर ठाण्यांतही नेला गेला. बारा तास आणि बंदोबस्त असेल तर त्याहून अधिक उभे राहणाऱ्या माणसांसाठी ही लहान गोष्ट नव्हती. शिपायाचा कागद आयुक्ताच्या टेबलापर्यंत पोचणे आणि आयुक्ताने त्याचे नाव विचारून त्याला बोलावणे, याला मी नेतृत्व म्हणतो.

याच्या उलट बाजूचा धडा १९८२ चा आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईतील पोलीस शिपायांचा असंतोष थेट रस्त्यावर आला. तेव्हा ज्युलिओ रिबेरो यांना आयुक्तपदी येऊन काही महिनेच झाले होते. पगार, निवासस्थाने आणि अपमानास्पद वागणूक यांविषयीची कुरकुर वर्षानुवर्षे कोणी ऐकली नाही की काय होते, हे तेव्हा दिसले.

या नेमणुका कोण करते आणि अधिकाऱ्याला किती काळ ठेवले जाते?

आदेश गृह विभाग काढतो. आयपीएस अधिकाऱ्यांच्या बदल्यांसाठी कायद्याने मुख्यमंत्री, तर उपअधीक्षक आणि त्यावरील राज्य सेवेतील अधिकाऱ्यांसाठी गृहमंत्री हे सक्षम प्राधिकारी आहेत. निरीक्षकापर्यंतच्या बदल्या पोलीस आस्थापना मंडळे करतात.

पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी दिलेल्या निकालात जिल्ह्याचा अधीक्षक आणि ठाण्याचा प्रभारी यांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ मिळावा असे सांगितले. महाराष्ट्राने आपल्या पोलीस अधिनियमात नंतर जी कलमे घातली त्यांतही उपअधीक्षक आणि त्यावरील अधिकाऱ्यांसाठी एका जागी दोन वर्षे हा सर्वसाधारण कालावधी ठरवला आहे. मात्र अपवादात्मक परिस्थितीत, लोकहितासाठी किंवा प्रशासकीय निकडीसाठी मुदतपूर्व बदली करण्याची मुभाही कायद्यानेच ठेवली आहे, आणि ती दारे फार वेळा उघडली जातात. अन्याय झाला असे वाटणारे राज्य सेवेतील अधिकारी मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) आणि आयपीएस अधिकारी कॅटमध्ये (केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण) दाद मागतात.

दोन वर्षे हा आकडा कोरडा वाटतो, पण त्याचा हिशेब साधा आहे. जिल्हा समजून घ्यायला पहिले वर्ष लागते, म्हणजे एक गणेशोत्सव, एक निवडणूक किंवा आंदोलन, एक उन्हाळ्यातील पाणीतंटा. दुसऱ्या वर्षी अधिकारी आधी पाहिलेल्यावरून नियोजन करू लागतो. आठव्या महिन्यात बदली झाली तर जिल्ह्याच्या वाट्याला केवळ ओळख करून घेणारा अधिकारी येतो, आणि ठाण्यातील जुनी मंडळी ‘हे साहेबही जातील’ असे धरून चालतात.

स्वतःच्या जिल्ह्यात नेमणूक मिळते का?

ती टाळण्याचीच पद्धत आहे. निवडणुकीच्या काळात तर निवडणूक आयोगाच्या सूचनाच असतात की निवडणूक कामाशी संबंधित अधिकारी स्वतःच्या गृहजिल्ह्यात नसावा आणि गेल्या ४ वर्षांपैकी ३ वर्षे त्याच जिल्ह्यात काढलेली नसावीत. निवडणुकीपूर्वी होणाऱ्या मोठ्या बदल्यांचे कारण बहुधा हेच असते.

महिला अधिकारी या पदांवर कितपत पोचल्या आहेत?

१९८१ च्या बॅचच्या मीरां चढ्ढा बोरवणकर यांनी साताऱ्यात पोलीस अधीक्षक म्हणून काम केले, मुंबई गुन्हे शाखेच्या त्या पहिल्या महिला प्रमुख झाल्या आणि पुण्याच्या आयुक्तही झाल्या. पुण्याचे आयुक्तपद भूषवलेल्या रश्मी शुक्ला जानेवारी २०२४ मध्ये राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या. तेजस्वी सातपुते यांनी सातारा आणि सोलापूर ग्रामीण हे जिल्हे सांभाळले. आता महिला अधीक्षक ही बातमी राहिलेली नाही. पोलीस ठाण्यात महिला कर्मचाऱ्यांसाठी स्वच्छ विश्रांतिगृह, गरोदरपणात हलके काम, लहान मूल असताना रात्रपाळीतून सवलत या गोष्टी मात्र अजून प्रत्येक जिल्ह्यात अधीक्षकाच्या मर्जीवर चालतात, आणि हे बदलायला हवे.

चांगला पोलीस प्रमुख कसा ओळखावा?

भाषणे आणि समाजमाध्यमांवरील चित्रफिती बाजूला ठेवून दोन ठिकाणी पाहावे.

पहिले ठिकाण म्हणजे महिन्याची गुन्हे आढावा बैठक. मुख्यालयाच्या सभागृहात सर्व ठाण्यांचे प्रभारी, उपविभागीय अधिकारी आणि स्थानिक गुन्हे शाखेचे निरीक्षक बसलेले असतात. प्रत्येकासमोर दाखल गुन्हे, उघड गुन्हे, प्रलंबित तपास, न बजावलेली समन्स आणि वॉरंट, निर्गती न झालेला मुद्देमाल यांची टिपणे असतात. काही अधीक्षक केवळ टक्केवारी विचारतात. मग ठाण्यात काय होते ते सांगायला नको : घरफोडीची तक्रार नोंदवून घेण्याऐवजी साधा अर्ज घेतला जातो, मोबाइल चोरीला गेला तरी हरवल्याचा दाखला दिला जातो आणि आकडे सुंदर दिसू लागतात. जो अधीक्षक ‘तुमच्याकडे गुन्हे वाढले’ म्हणून रागावत नाही आणि ‘नोंद का केली नाही’ म्हणून रागावतो, त्याच्या जिल्ह्यात सामान्य माणसाची फिर्याद घेतली जाते.

दुसरे ठिकाण म्हणजे ऑर्डरली रूम आणि दरबार. ऑर्डरली रूममध्ये कसुरी झालेला कर्मचारी कवायतीच्या पावलाने आत येतो, सलाम करून उभा राहतो, त्याचा कसूर वाचून दाखवला जातो आणि त्याला बाजू मांडू दिली जाते. तीन-चार मिनिटांचे काम असते. त्या मिनिटांत अधीक्षक कागदावरून मान वर करून पाहतो का, गैरहजेरीमागे आजारी आई आहे की दारू आहे हे विचारतो का, हे संपूर्ण दलाला संध्याकाळपर्यंत समजलेले असते. दरबारात मागितलेली बदली, निवासस्थानाची गळती, थकलेले प्रवास भत्ते यांचा पाठपुरावा होतो की नाही, यावरही दलाची निष्ठा ठरते.

संकटकाळी पुढे उभे राहणे हा तिसरा कस, पण तो सर्वांच्या वाट्याला येत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री करकरे आणि पूर्वी सोलापूरचे आयुक्त राहिलेले अशोक कामटे यांनी प्राण दिले. सदानंद दाते कामा रुग्णालयात जखमी अवस्थेत लढत राहिले. दाते पुढे मीरा-भाईंदर, वसई-विरारचे पहिले आयुक्त झाले आणि २०२४ मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या प्रमुखपदी गेले.

मोक्का लावणे अधीक्षकाच्या हातात असते का?

नाही. संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या १९९९ च्या या कायद्याखाली गुन्हा नोंदवण्यापूर्वी उपमहानिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. जिल्ह्यातून प्रस्ताव परिक्षेत्राच्या (म्हणजे काही जिल्ह्यांच्या गटाच्या) विशेष पोलीस महानिरीक्षकांकडे जातो.

गोव्यात व्यवस्था कशी आहे?

गोव्यासाठी स्वतंत्र आयपीएस संवर्ग नाही. अरुणाचल प्रदेश, गोवा, मिझोराम आणि केंद्रशासित प्रदेश यांच्या संयुक्त संवर्गातून अधिकारी येतात. त्यामुळे दिल्लीत काम केलेला अधिकारी पणजीला आणि पणजीचा अरुणाचलला जाणे नेहमीचे आहे. गोवा पोलीस सेवेतील स्थानिक अधिकारीही अधीक्षकपदे सांभाळतात.

निवृत्तीनंतर हे अधिकारी काय करतात?

रिबेरो गुजरात आणि पंजाबचे पोलीस महासंचालक झाले, नंतर रोमानियात भारताचे राजदूत होते. सत्यपाल सिंह यांनी २०१४ मध्ये सेवा सोडून लोकसभा निवडणूक लढवली आणि ते बागपतचे खासदार झाले. बाकी बरेच जण अध्यापन, लेखन, वकिली किंवा सुरक्षा सल्लागाराचे काम करतात.

मला या सेवेत यायचे आहे. कोणती परीक्षा द्यावी?

आयपीएससाठी खुल्या प्रवर्गात २१ ते ३२ वर्षे वय आणि ६ प्रयत्न अशी मर्यादा आहे. राखीव प्रवर्गांना सवलत मिळते. उंचीची किमान अट पुरुषांसाठी १६५ आणि महिलांसाठी १५० सेंटिमीटर आहे आणि अनुसूचित जमातींसह काही गटांना ती शिथिल आहे. त्याचबरोबर राज्यसेवा आणि उपनिरीक्षकपदाच्या परीक्षांचीही तयारी ठेवावी, कारण अभ्यासक्रमाचा बराच भाग सामाईक आहे. घरची परिस्थिती ताणाची असेल तर बारावीनंतर शिपाई भरती होऊन पुढे विभागीय परीक्षा देण्यात कसलाही कमीपणा नाही. दिल्ली किंवा पुण्यात राहून वर्षानुवर्षे एकाच परीक्षेला चिकटून बसण्यापेक्षा हा मार्ग अनेक कुटुंबांना मानवतो.

ठाण्यात तक्रार घेतली नाही तर अधीक्षकांकडे जाता येते का?

जाता येते आणि तो कायद्याने दिलेला हक्क आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवण्यास नकार दिला तर ती माहिती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. गुन्हा घडल्याची खात्री पटली तर अधीक्षकांनी स्वतः तपास करावा किंवा हाताखालील अधिकाऱ्याकडून करून घ्यावा लागतो. आयुक्तालयाच्या हद्दीत असा अर्ज परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांकडे द्यावा.

अर्जात घटना, तारीख, वेळ, ठिकाण आणि ठाण्यात कोणत्या दिवशी गेलात ते क्रमाने लिहावे. भावना थोडक्यात आणि तपशील पुरेपूर असावा. पत्र नोंदणीकृत टपालाने पाठवून पावती जपून ठेवावी. प्रत्यक्ष कार्यालयात दिले तर आवक शाखेचा शिक्का आणि तारीख आपल्या प्रतीवर घ्यावी. एवढे करूनही कार्यवाही झाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करता येतो, आणि तेथे अधीक्षकांकडे आधी दाद मागितली होती हे दाखवण्यासाठी हीच पावती आणि शिक्का मारलेली प्रत लागते.